बेल कुणाची वाजली?

१

वाद्यं दुरुस्त करणारे आजोबा आपल्या कामाच्या टेबलाशेजारी पडलेले सापडले, तेव्हा खोलीचं दार सताड उघडं होतं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्या गल्लीत दिवसाउजेडी कुणी दार लावून घेतलं, तर शेजारी चौकशीला यायचे, ‘काय हो, बरंबिरं नाही का?’

नवल वाटलं ते टेबल रिकामं दिसल्याचं. सकाळपर्यंत तिथे एक जुनं व्हायोलिन होतं, नव्या तारा चढवलेलं, पुसून लख्ख केलेलं. टेकडीवर राहणाऱ्या एका वादक बाईंचं ते. आता व्हायोलिन नव्हतं आणि त्याची पेटीही नव्हती. आजोबांच्या डोक्याला मागून खोक पडली होती, आणि हातात पॉलिशचं फडकं तसंच होतं.

खालच्या मजल्यावरची नर्स त्यांच्या डोळ्यांत औषध घालायला रोज वर यायची. तिनेच त्यांना पाहिलं. नाडी लागत होती. तिने जिन्यातून अशी हाक मारली की सगळी इमारत धावत वर आली.

संध्याकाळपर्यंत बातमी टेकडीवर पोचली आणि तिथल्या लोकांनी समाधानाने माना हलवल्या. खालच्या गल्लीत एवढे दिवस असं काही झालं नव्हतं, याचाच त्यांना जास्त त्रास होत असावा. ‘होणारच होतं,’ असं जो तो म्हणाला. यातल्या एकानेही गल्लीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, पण मत मात्र प्रत्येकाचं तयार होतं.

गल्लीतही मत तयारच होतं. ‘आपल्यातलं कोणी असं करणार नाही. हे बाहेरच्याचं काम.’

“बाहेरचं कोण?” फौजदारांनी विचारलं.

यावर सगळ्यांचं एकमत झालं. गळ्यात ओळखपत्र अडकवून दारोदार बेल वाजवत फिरणारी एक बाई त्या दिवशी गल्लीत आली होती. आजोबांकडे बेल वाजलेली सगळ्यांनी ऐकली होती. आणि हीच बाई छातीशी पिशवी धरून गल्लीतून पळत सुटलेलीही लोकांनी पाहिली होती.

ती बाई पाहणी करायला आली होती. शहराने एका कंपनीला काम दिलं होतं, वस्त्यावस्त्यांतून एकच प्रश्न विचारून यायचं: तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?

रात्र तिने पोलीस चौकीच्या बाकावर काढली.

२

“वहिनी, मी त्या इमारतीच्या दारापर्यंतसुद्धा गेले नाही गं!”

सकाळी वहिनी चौकीत पोचल्या तेव्हा नणंदबाईंचे डोळे सुजले होते, पण जीभ शाबूत होती. दोघी एकाच कंपनीत कामाला. वहिनींच्या वाट्याला टेकडी आली होती, नणंदेच्या वाट्याला गल्ली. वाटणी झाली तेव्हा नणंद म्हणाली होती, “तुला बरी मेली उतारावरची हवा मिळते.” नवऱ्याची धाकटी बहीण, पण वहिनी तिला रीतीप्रमाणे ‘वन्सं’च म्हणायच्या, आणि चिडवायचं असलं की जरा जास्तच आदराने.

“मग पळालात कशाला, वन्सं?”

“मागून एक आडदांड माणूस ओरडायला लागला. ‘अहो बाई, थांबा, थांबा!’ दाढी ही एवढी! मी थांबू? तूच मला टेकडीवरचं सांगून ठेवलं होतंस ना, कोण काय काय म्हणतं ते?”

ते खरंच होतं. टेकडीवरच्या दिवाणखान्यांत बसून त्यांनी ऐकलेलं सगळं रोज रात्री जेवताना नणंदेच्या ताटात वाढलं होतं.

“म्हणजे बेल तुम्ही वाजवलीच नाही.”

“गल्लीच्या तोंडाशी दोन घरं केली. दोन्हीकडे कुणी दार उघडलं नाही. पुढे निघाले तर हा राक्षस मागे लागला. झालं.”

फौजदार टेबलापलीकडून ऐकत होते. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. “बाई, सगळी इमारत सांगते बेल वाजली. त्या दिवशी बेल वाजवत फिरणारं दुसरं कुणी नव्हतं. दुपारी यांना कोर्टात उभं करायचंय. म्हाताऱ्याला अजून शुद्ध नाही. तो गेला तर कलम बदलेल, हेही ऐकून ठेवा.”

नणंदेने मान खाली घातली. मग अगदी हळू विचारलं, “पोरीला काय सांगितलंस?”

“कामानिमित्त बाहेरगावी गेलात म्हणून.”

“तिला खरं वाटलं?”

“नाही.”

नणंदेला नवरा नव्हता. त्या पोरीला आई एवढीच होती. वहिनींनी पदर खोचला आणि फौजदारांना म्हणाल्या, “दुपारपर्यंत थांबा, साहेब. मी जरा गल्लीत जाऊन येते.”

“एकट्या?” फौजदारांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

३

गल्लीच्या तोंडाशी एक लांबलचक गाडी उभी होती. काचा वर, दारांना लॉक. आत टोपी घातलेला ड्रायव्हर समोर टक लावून बसला होता. वहिनींनी काचेवर टकटक केली तसा तो असा दचकला की टोपी पुढे आली.

काच चार बोटं खाली आली. वादक बाईंनीच त्याला पाठवलं होतं, व्हायोलिनचं काय झालं ते बघून ये म्हणून. कालही तो आला होता, व्हायोलिन न्यायला.

“मग काल आत गेला होतात?”

“गेलो होतो तर! बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. परत आलो. बाईसाहेबांना तसंच सांगितलंय.”

माणसं खोटं बोलताना फार नीटस बोलतात, हे वहिनींना धंद्याने शिकवलं होतं. खऱ्या उत्तराला धागेदोरे लोंबत असतात. हे उत्तर इस्त्री केलेलं होतं.

“बेलचं बटण दाराच्या उजव्या हाताला की डाव्या?”

ड्रायव्हरने टोपी सारखी केली. “उजव्या... म्हणजे, डाव्या.”

“मलाही माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून विचारलं.”

मग सुटकेचा श्वास टाकावा तसं तो बोलला, “नाही गेलो आत, ताई. गाडीतून उतरलोसुद्धा नाही. नेहमी आजोबाच पेटी घेऊन इथवर येतात. काल आले नाहीत. मी वाट बघत बसलो, आणि मग बाईसाहेबांना काय सांगू? घाबरलो म्हणून सांगू? दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर येईल.”

“म्हणजे तुम्ही सबंध वेळ इथेच होतात. माझी नणंद पळत बाहेर आली ती पाहिली असेल.”

“त्या ओळखपत्रवाल्या? माझ्या गाडीला धडकता धडकता वाचल्या. रस्ता ओलांडून सरळ बसमध्ये चढल्या.”

“परत आल्या नाहीत?”

“छे. नंतर कोणी परकं माणूस आत गेलंच नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, ताई. कोण येतं, कोण जातं. भीतीच तेवढी वाटत होती.”

गल्ली पलीकडच्या टोकाला बंद होती, तिथे एका गोदामाची मागची भिंत. आत-बाहेर जायला हे एकच तोंड.

“हे फौजदारांना सांगाल?”

काच पुन्हा वर गेली.

४

इमारत गोदामाच्या त्या आंधळ्या भिंतीसमोरच होती. रस्त्याकडचं दार उघडंच. दाराच्या चौकटीवर एकाखाली एक चार बटणं: सगळ्यांत वरचं आजोबांचं, खालची तीन खालच्या तीन मजल्यांची. जिन्याखाली एक भलंमोठं लोखंडी कपाट उभं होतं, नवंकोरं, आणि त्याच्यावर कुणाचीतरी उशी वाळत घातली होती.

तळमजल्यावर शिंपीणबाई. वहिनींनी दाराबाहेरूनच हाक मारली, “आहात का हो घरात?” तशी आतून लगेच उत्तर आलं, “या की!”

खोलीत शिलाई मशीन दिसत नव्हतं. चादर टाकलेलं काहीतरी कोपऱ्यात होतं, आणि चादरीखालून मशीनचं पायडल डोकावत होतं.

“बेल वाजली ना काल?”

“वाजली. आजोबांकडे वाजली,” शिंपीणबाई पटकन म्हणाल्या.

“मग तुम्ही डोकावलात?”

“बेल वाजल्यावर? आम्ही कशाला डोकावू!” वहिनी किती अडाणी आहेत, असं त्यांनी एकदा बघून घेतलं. “हे बघा बाई, आमच्याकडे ओळखीचं माणूस हाक मारतं. बेल वाजवतो तो परका. आणि परका इकडे चहा प्यायला येत नाही. कुठल्या ना कुठल्या हापिसातून येतो. बेल वाजली की आम्ही पडदा ओढतो, आवाज बंद करतो, आणि तो जाईपर्यंत आम्ही घरात नसतो.”

“मग त्याला वाटत असेल, गल्ली किती भयाण आहे.”

“वाटू दे. लवकर जातो.”

वहिनींना टेकडीवरच्या लोकांचं एक वाक्य आठवलं, ‘तिथे गेलं की कशी चिडीचूप होते हो सगळी वस्ती, अंगावर काटा येतो.’ ती चिडीचूप कोण कुणाला भिऊन होत होती, हे त्या दिवाणखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या मजल्यावर कप्तान. आयुष्यभर जहाजावर स्वयंपाकी होते, पण गल्लीने बढती देऊन टाकली होती. दाढी खरंच एवढी होती. वहिनींना बघताच त्यांनी खिशातून एक निळं पेन काढलं.

“तुमच्या त्या बाईंचं. रस्त्यात पडलं होतं. मी म्हणतोय थांबा थांबा, आणि त्या पळतायत! माझ्या हातात काय तलवार होती?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? पेन घेऊन वर आलो.”

“आणि बेल?”

“वाजली असेल आजोबांकडे,” कप्तान छताकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात भिंतीतल्या कपाटातून कुणीतरी वहिनींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अगदी स्वच्छ आवाजात.

कप्तान लाल झाले. वहिनी शांतपणे उठल्या आणि कपाट उघडलं. आत पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. त्याचं शिक्षणही जहाजावरच झालं असावं.

“मालकाने पाखरू, जनावर पाळायचं नाही अशी अट घातलीय,” कप्तान पुटपुटले. “कळलं तर सामान बाहेर. आता मी या वयात कुठे जाऊ?”

“म्हणून बेल वाजली की हा कपाटात. आत्ता मी आले, हाकही नीट मारली नाही, म्हणून आताही. आणि काल?”

“कालही.” कप्तान खुर्चीत बसले. “पेन हातातच होतं माझ्या. दारात पाय ठेवला आणि बेल घणाणली. माझीच, बाई. आजोबांची नव्हे. मला वाटलं, मालकाचा माणूस.”

वहिनी उभ्याच्या उभ्या राहिल्या. पेन हातात होतं, म्हणजे नणंद त्याआधीच बसमध्ये चढली होती. बेल वाजली तेव्हा ती गल्लीत नव्हतीच.

त्या तशाच खाली आल्या आणि शिंपीणबाईंच्या मशीनवरची चादर अलगद उचलली. “बाई, आता मला खरं सांगा. काल बेल कुणाची वाजली?”

शिंपीणबाईंनी ओठ चावला. घरात धंदा करायला बंदी होती. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पलंगाखाली दाटले होते.

“माझी,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोक्यावरच तर घंटा आहे. पण कप्तानांना सांगू नका हं. त्यांना वाटेल माझ्यावर काही आलंय.”

५

“काकी, पुन्हा दार उघडं!”

शिंपीणबाईंच्या दारात एक गृहस्थ उभे होते. चकचकीत बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. हा आजोबांचा पुतण्या. याच इमारतीत लहानाचा मोठा झालेला, आता टेकडीच्या पायथ्याशी दुकान: कुलपं, ग्रिल, कॅमेरे. जिन्याखालचं लोखंडी कपाट त्यानेच आणून ठेवलेलं, गल्लीला नमुना म्हणून. गल्लीने त्याच्यावर उशा वाळवल्या. ‘चोर इथे येऊन काय नेणार, आमचं नशीब?’ असं म्हणून सगळे हसायचे. आज कोणी हसत नव्हतं. सकाळपासून दोन घरांनी ग्रिलची मापं दिली होती.

वहिनींची ओळख करून दिल्यावर त्याने हात जोडले. “तुमच्या नणंदबाईंचं वाईट वाटतं. पण काय आहे, ताई, दोष या लोकांचा आहे. किती वर्षं सांगतोय, कडी लावा. काकांना तर हात जोडून सांगितलं. आणि शेजार म्हणायचा हा? खाली तीन घरं. तिन्ही घरांत बेल वाजते, आणि एक माणूस दार उघडून बघत नाही वर कोण चाललंय ते! याला तुम्ही सुरक्षित वस्ती म्हणता?”

शिंपीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पुतण्या त्यांच्या खांद्यावर थोपटून निघून गेला, दाराच्या चौकटीचं माप तेवढं जाता जाता घेऊन.

वहिनी बसल्या जागी गार पडल्या. तिन्ही घरांत? त्यांना स्वतःला अजून दोनच ठाऊक होती, आणि तीही गेल्या घटकाभरात, पोपट आणि चादर यांच्या कृपेने. सगळी गल्ली तर एकच सांगत होती, आजोबांकडे वाजली.

त्या बाहेर आल्या आणि चौकटीवरचं सगळ्यांत वरचं बटण दाबलं. वर, रिकाम्या खोलीत, घंटा खणखणीत वाजली. म्हणजे बिघडलेली नव्हती. आणि त्यासरशी इमारत विझली. पहिल्या मजल्यावर कपाटाचं दार बंद झालं. शेजारच्या खिडकीचा पडदा सर्रकन ओढला गेला. जिन्यात चिटपाखरू नाही. वहिनी सावकाश चालत वरपर्यंत गेल्या आणि खाली आल्या. त्यांना कुणी पाहिलं नाही.

मग त्या पुन्हा दुसऱ्या मजल्यावर चढल्या. दार लोटलेलं होतं. “मी आहे, सर्वेवाली वहिनी,” त्यांनी हाक मारली.

नर्स कामावर जायच्या तयारीत होती. तरुण, चेहरा ओढलेला. रात्रभर आजोबांच्या उशाशी बसली होती. ती त्याच इस्पितळात कामाला.

“काल तुमची बेल वाजली होती का?”

“नाही. आजोबांची.”

“आजोबांची बेल आत्ता मी वाजवली. ती वरून येते, लांबून. कालची तशी वाजली होती?”

नर्सने केसांना पिन लावली. ती नीट बसेना. दुसऱ्यांदा लावली.

“ऐका, बाई,” वहिनी समोर बसल्या. “खालच्या दोघांची वाजली हे मला कळलंय. तुमचीही वाजली असेल, तर ज्याने वाजवली त्याने खालच्या तिन्ही बटणांवर तळवा ठेवला आणि वरचं एक सोडलं. जिथे जायचं होतं नेमकं तेच घर सोडलं. परका माणूस असं करील? माझी नणंद आली असती तर चारही बटणं दाबली असती, तिला चारही घरांची उत्तरं हवी होती. चोर बाहेरचा असता तर त्याने एकही दाबलं नसतं, दार उघडंच होतं. तीन बटणं तोच दाबतो ज्याला ठाऊक आहे, की बेल वाजली की इथली माणसं भिंतीला तोंड करून बसतात आणि जिना मोकळा होतो.”

नर्सच्या हातातली पिन पडली.

“मला बोलता येणार नाही,” ती म्हणाली. “काल मी आजारी आहे म्हणून कळवलं होतं, रात्री आजोबांना घेऊन गेले तेव्हा ताप उतरला म्हणाले. आजारी नव्हते. दुसऱ्या इस्पितळात मुलाखत दिली आणि येऊन झोपले. बेल वाजली तेव्हा मला वाटलं मेट्रनने माणूस पाठवला. पांघरूण डोक्यावरून घेतलं. वर आजोबा पडत होते, आणि मी पांघरुणात होते. हे चौकीत सांगितलं तर ही नोकरी जाईल, आणि ती अजून मिळालेली नाही. तुमची नणंद माझी कोण?”

“कोणी नाही,” वहिनी म्हणाल्या.

६

फौजदार नणंदेला घेऊनच आले, कोर्टाच्या वाटेवर. “पाच मिनिटं,” त्यांनी बजावलं. जिन्याच्या पायथ्याशी सगळे जमले. पुतण्याही आला, आजोबांचे कपडे न्यायला. ड्रायव्हरला वहिनींनी अक्षरशः दंडाला धरून आणलं होतं. तो भिंतीला चिकटून उभा होता आणि आपण अजून जिवंत कसे याचा अचंबा करत होता.

“साहेब,” वहिनी म्हणाल्या, “आजोबांची बेल वाजलीच नाही. कुणाकुणाची वाजली ते हे सांगतील.”

शिंपीणबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. कप्तान दाढीत बोटं फिरवत होते. नर्स शेवटच्या पायरीवर उभी होती, जिन्याचा कठडा धरून. फौजदारांनी घड्याळात पाहिलं.

“साहेब, चला,” नणंद एकाएकी म्हणाली. आवाज थकलेला होता. “राहू दे, वहिनी. हे मला ओळखत नाहीत. मीही यांच्या हाकेला थांबले नव्हते.”

तिने वळून दाराकडे पाऊल टाकलं.

“माझी वाजली,” मागून आवाज आला. नर्सचा. “काल मी खोटी रजा घेऊन घरी होते. माझी बेल वाजली, आणि मी दार उघडलं नाही. लिहून घ्या. नाव, इस्पितळ, सगळं लिहा.”

मग बांध फुटल्यासारखं झालं. “माझीही!” शिंपीणबाई. “आणि घरात मशीन आहे माझ्या, कळू दे मालकाला!” “माझी वाजली तेव्हा या बाईंचं पेन माझ्या मुठीत होतं,” कप्तान गरजले, “आणि या कधीच्या पळाल्या होत्या!” तिघं एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येकाला वाटलेलं, संकट आपल्या एकट्याच्या दारात आलं होतं.

“आणि तुम्ही?” वहिनी ड्रायव्हरकडे वळल्या.

“मी गाडीतून उतरलोच नव्हतो,” ड्रायव्हर एका श्वासात म्हणाला. “भ्यालो होतो. त्या बाई बसमध्ये चढलेल्या मी पाहिल्या. परत आल्या नाहीत. परकं कोणी आत गेलं नाही.”

“परकं नाही. ओळखीचं?”

“ओळखीचे हेच की.” त्याने पुतण्याकडे बोट केलं. “हे बाईंना पळताना बघून हसले, मला नमस्कार केला आणि आत गेले. हे इथलेच ना?”

“मी काल आलोच नव्हतो!” पुतण्या म्हणाला.

“मग तिन्ही घरांत बेल वाजली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” वहिनींचा आवाज चढला नाही. “या तिघांनी ते एकमेकांनासुद्धा सांगितलेलं नाही. फौजदारांना ठाऊक नव्हतं. तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मलाही फक्त दोनच ठाऊक होती. वाजवणाऱ्याखेरीज तीनचा आकडा कुणाजवळ असणार?”

“कुणीतरी बोललं असेल...”

“कोण?”

त्याने शिंपीणबाईंकडे पाहिलं, कप्तानांकडे पाहिलं. लहानपणी त्याला मांडीवर घेतलेली माणसं. एकानेही मान हलवली नाही.

“व्हायोलिन घेऊन तुम्ही बाहेर पडला असतात तर ड्रायव्हरला पेटी दिसली असती,” वहिनी म्हणाल्या. “ती इथेच आहे. गल्लीत एकच गोष्ट अशी आहे जी फक्त तुम्हाला उघडता येते. काल पोलिसांनी तिच्यावरची उशीसुद्धा हलवली नाही.”

फौजदारांनी हात पुढे केला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत त्या हातात पडला. लोखंडी कपाटाचं दार जड होतं, सावकाश उघडलं. आत काळी पेटी उभी करून ठेवली होती.

पुतण्या पायरीवर बसला. “काकांना मारायचं नव्हतं,” तो म्हणाला. “नुसती चोरी दिसायला हवी होती, एक चोरी. मग तुम्ही कड्या लावल्या असत्या, दुकान चाललं असतं, व्हायोलिन मी कुठेतरी सापडवून दिलं असतं. त्या बाई पळताना दिसल्या आणि वाटलं, आजच. काका पाठमोरे होते. मला वाटलं ऐकू येणार नाही. मी पेटी उचलली तर वळूनही न बघता म्हणाले, ‘आलास? बस.’ आणि माझ्यासाठी स्टूल ओढायला उठले. मी घाबरलो. ढकललं.”

कप्तानांनी तोंड फिरवलं.

“बघितलंसुद्धा नाही कोण आहे ते,” पुतण्या पुटपुटत होता. “नुसत्या पावलावरून.”

७

चौकीत सह्या झाल्या. नणंद बाहेर आली तेव्हा पायरीवर नर्स उभी होती, जबाब देऊन. नुकताच इस्पितळातून निरोप आला होता.

“आजोबा शुद्धीवर आले,” नर्स म्हणाली. “पहिला प्रश्न विचारला, पुतण्याला कळवलंत का? तो एकटा घाबरून जाईल म्हणे.”

नणंदेने मागे वळून चौकीच्या दाराकडे पाहिलं.

“कोण सांगणार त्यांना?” वहिनींनी विचारलं.

“मीच. माझी पाळी आहे. म्हणजे, असली तर. आधी मेट्रनसमोर उभं राहायचंय. फौजदारांचा फोन गेलाय तिला.” नर्सने पर्स खांद्यावर नीट केली.

नणंदेने गळ्यातलं ओळखपत्र काढून वहिनींच्या हातात दिलं. “वहिनी, तू घरी जा. पोरीला सांग, आई आली, जेवायच्या आधी पोचते.”

“आणि तुम्ही कुठे निघालात, वन्सं? कालपासून अन्नाचा कण नाही पोटात.”

“हिच्याबरोबर. मेट्रन काय बोलते ते मला ऐकायचंय. मी एक रात्र बाकावर काढलीय, माझी जीभ आता कुणाला भीत नाही.”

“अहो, नको,” नर्स म्हणाली. “तुम्ही माझ्या कोण?”

“तेच तर मेट्रन विचारेल,” नणंद म्हणाली. “वाटेत ठरवू. मावसबहीण चालेल का?”

नर्सला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. नणंदेने तिचा दंड धरला. इस्पितळाची जवळची वाट गल्लीतून जात नव्हती, पण गल्लीच्या तोंडावरून जात होती. तिथे थांबून नणंदेने विचारलं, “आजोबांना दुसरे कपडे लागतील ना? कोणी नेले का?”

“राहिलेच.”

“मग आधी ते घेऊ,” असं म्हणून ती गल्लीत वळली, आणि मजला कुठला हे सांगायला नर्सला तिच्यामागे भरभर चालावं लागलं.